इलेक्ट्रॉनिक पुस्तक : पुस्तक की पुस्तकाचे छायाचित्र?

मजकूर कशावर लिहावा, हा प्रश्न अंबाजोगाईला नवा नाही. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ रचणारे मुकुंदराज इथलेच असे परंपरा मानते. त्यांची समाधीही गावालगतच्या दरीत आहे. पुढे सोळाव्या शतकात याच गावी दासोपंतांनी विपुल लेखन केले. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे सांगितले जाते. पण पंचीकरणाचा विषय त्यांनी चक्क कापडावर, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड कापड. हे कापड आजही अंबाजोगाईत जपून ठेवलेले आहे.

पाच महाभूतांचे परस्परांत मिश्रण कसे होते, कशापासून काय होते, हे सांगणारा हा विषय मुळात तक्त्याचा आहे. पोथीच्या सुट्या पानांवर तो तुकड्यातुकड्यांनी दिसला असता. कापड पसरले की सगळा पसारा एकदम नजरेसमोर येतो. दासोपंतांनी नेमका हाच विचार केला होता का, हे सांगणे कठीण. परंतु मजकूर आणि तो वाहून नेणारे साधन यांचा मेळ बसला पाहिजे, ही गोष्ट त्या पासोडीकडे पाहून शिक्षकाला सुचल्याशिवाय राहत नाही.

आज आपल्या शाळांत पुस्तकाचे साधन पुन्हा बदलते आहे. कागदाऐवजी मोबाईल, टॅब किंवा संगणकाचा पडदा आला आहे. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. लोकवर्गणीतून टॅब घ्यावेत की ग्रंथालयासाठी पुस्तके, असा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतो. या प्रश्नाचे उत्तर बहुधा उत्साहाने किंवा भीतीने दिले जाते. आपण ते थोडे तपासून पाहू.

स्वप्न आणि वस्तू

इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याने १९७१ मध्ये आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकावर टंकलिखित केला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ हे मोफत इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय उभे राहिले. १९७२ मध्ये ॲलन के या संगणकशास्त्रज्ञाने वहीएवढ्या संगणकाची, ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. हे यंत्र त्याने मुख्यतः मुलांसाठी कल्पिले होते. मुलाने त्यावर नुसते वाचायचे नाही. चित्र काढायचे, प्रतिकृती बनवायची, ती चालवून पाहायची. पुस्तकातला लंबक मुलाने स्वतः लांबआखूड करून पाहावा, असे ते स्वप्न होते.

१९९७ मध्ये अमेरिकेत ई-इंक ही कंपनी स्थापन झाली. तिने बनवलेला पडदा समजून घेण्यासारखा आहे. त्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे व काळे कण तरंगतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतप्रभार असतो. खालून विद्युतक्षेत्र दिले की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाला जातात. क्षेत्र काढून घेतले तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणजे पान बदलताना वीज लागते, पान दिसत राहण्यासाठी लागत नाही. शिवाय हा पडदा स्वतः प्रकाश टाकत नाही. कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. म्हणून उन्हातही तो वाचता येतो. २००७ च्या नोव्हेंबरात आलेले ॲमेझॉनचे ‘किंडल’ याच पडद्यावर चालते. त्यावर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय मात्र डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी झाली.

आपल्या वर्गात यांपैकी काय पोहोचले? डायनाबुक नाही आणि ई-इंकही जवळजवळ नाही. पोहोचला तो मोबाईलचा चकाकता पडदा आणि त्यावर छापील पानाची पीडीएफ.

सहावा हिस्सा

पीडीएफ हा प्रकार मुळात छपाईसाठी आहे. कोणत्याही संगणकावर उघडले तरी पान हुबेहूब तसेच दिसावे, हा त्याचा हेतू. म्हणजे पान बदलत नाही, हाच त्याचा गुण आणि वाचकाच्या दृष्टीने हाच त्याचा दोष.

थोडे गणित करू. ए-फोर आकाराचे पान २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असते; क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. साडेसहा इंची मोबाईलचा पडदा साधारण ६.८ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ सुमारे १०२ चौरस सेंटिमीटर. पडदा पानाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा आहे. पूर्ण रुंदीचे पान त्यावर बसवायचे तर ते तिपटीने लहान करावे लागते. छापील पानावरचे १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे होते. वर्तमानपत्रातला बारीक मजकूरही याच्या दुपटीहून मोठा असतो. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार आहे की नाही, हे या आकारात कळत नाही. आणि मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे असतात.

बरे, बोटांनी पान मोठे केले तर? मूळ आकाराला येईतो ओळीचा एकतृतीयांश भागच दिसतो. प्रत्येक ओळ वाचायला पान उजवीकडे सरकवायचे, मग डावीकडे आणायचे, मग पुढची ओळ शोधायची. इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानातला ‘बल व दाब’ हा पाठ घ्या. आकृती वर, तिचे स्पष्टीकरण शेजारी, सूत्र खाली. छापील पानावर विद्यार्थ्याची नजर या तिन्हींमध्ये क्षणात फिरते. मोबाईलवर आकृती दिसते तेव्हा स्पष्टीकरण दिसत नाही, आणि स्पष्टीकरण दिसते तेव्हा आकृती निघून गेलेली असते. ती डोक्यात धरून ठेवावी लागते. समजून घेण्यासाठी लागणारी ताकद अशी सरकवासरकवीत खर्च होते.

दुसरी अडचण देवनागरीची. मराठी अक्षरजुळणी अनेक वर्षे अशा फाँटमध्ये झाली, की ज्यांत ‘क’ किंवा ‘वेलांटी’ ही संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात. फक्त त्यांचे चित्र मराठी असते. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले, तरी छपाईव्यवसायात जुने फाँट दीर्घकाळ चालू राहिले. अशा फाइलमध्ये डोळ्यांना ‘घर्षण’ दिसते, पण संगणकाला ते दिसत नाही. परीक्षा सोपी आहे. पीडीएफ उघडा, पानावर समोर दिसणारा एखादा शब्द शोधचौकटीत टंकित करा. सापडला नाही तर समजा, तुमच्यापुढे पुस्तकाचे छायाचित्र आहे.

हा दोष किरकोळ नाही. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचा सर्वांत मोठा फायदा कोणाला व्हायला हवा? अंध विद्यार्थ्याला. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आज साध्या मोबाईलवरही असतात. पण युनिकोड नसलेली पीडीएफ त्यांना वाचता येत नाही. निरर्थक अक्षरांचा पाढा तेवढा ऐकू येतो. ज्याला कागद उपयोगाचा नाही त्याच्यासाठी पडदाही मुका राहतो.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मराठी पाठ्यपुस्तकांतले ‘ल’ आणि ‘श’ आणि अनेक मोबाईलवर दिसणारे हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सारखे नसतात. मोठ्यांना फरक जाणवतही नाही. अक्षर नुकते ओळखू लागलेल्या मुलाला ती दोन वेगळी चित्रे असतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला. बाहेरून आलेल्या मोबाईलने तो वाचलेला नसतो.

वाचलेले किती उरते?

इथवर दोष पीडीएफचा होता. चांगले बनवलेले इलेक्ट्रॉनिक पुस्तक कागदाच्या बरोबरीने समजते का?

स्पेन व इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण १,७१,०५५ वाचक होते. निष्कर्ष असा, की तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना थोडा अधिक समजतो. हा फरक संख्याशास्त्राच्या भाषेत ०.२१ प्रमाण विचलन इतका होता. सोप्या भाषेत सांगायचे तर कागदावर वाचणारा सरासरी विद्यार्थी पडद्यावर वाचणाऱ्या शंभरांपैकी सुमारे अठ्ठावन्नांच्या पुढे राहतो. फरक लहान आहे, पण आहे.

त्याहून महत्त्वाचे तपशील तीन. एक, गोष्टीच्या वाचनात फरक आढळला नाही. माहितीपर मजकुरात आढळला. आपली विज्ञान-भूगोलाची पुस्तके माहितीपर असतात. दोन, वेळेचे बंधन असताना फरक वाढला. तीन, नव्या पिढीला पडद्याची सवय झाली की हा फरक मिटेल, अशी सर्वांची अटकळ होती. उलट वर्षागणिक तो वाढत गेलेला दिसला.

असे का होत असावे? इस्रायलमधील अकरमन आणि गोल्डस्मिथ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून एक धागा सापडतो. वाचायला किती वेळ घ्यायचा हे ठरवून दिले, तेव्हा कागद व पडदा यांत फरक पडला नाही. वेळ वाचकाने स्वतः ठरवायचा असे म्हटले, तेव्हा पडद्यावर वाचणारे मागे पडले. आणि आपल्याला किती समजले याचा त्यांचा अंदाजही वास्तवापेक्षा जास्त होता. म्हणजे दोष काचेचा नाही, काचेपुढे बसल्यावर लागणाऱ्या घाईचा आहे. पडद्यावर आपण संदेश वाचतो, बातम्या चाळतो. तीच चाल धड्यालाही लागते. हे खरे असेल तर त्यावर उपाय आहे आणि तो शिक्षकाच्या हातात आहे. थांबायला लावणारा प्रश्न, वहीत लिहायला लावणारी सूचना आणि वाचनाला नेमून दिलेला वेळ, एवढ्याने बराच फरक पडायला हवा.

हे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत, मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आहेत आणि मराठीतले नाहीत. त्यामुळे ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. पण जेव्हा कोणी ‘पडद्यावर मुले जास्त शिकतात’ असे सरसकट सांगतो, तेव्हा पुरावा देण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते, एवढे या अभ्यासांनी नक्की केले आहे.

वाटपानंतर काय झाले?

‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा गाजावाजा २००५ पासून सुरू झाला. उन्हात वाचता येणारा पडदा, कमी वीज, शंभर डॉलर किंमत, अशी तिची आश्वासने होती. भारत सरकारने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावच्या शाळेत हे लॅपटॉप प्रायोगिक तत्त्वावर आले. शिक्षक उत्साही असला की मुले यंत्राला किती सहज आपलेसे करतात, हे त्या शाळेने दाखवले. पण एका शाळेवरून योजनेची परीक्षा होत नाही.

ती परीक्षा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात झाली. ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. गणित आणि भाषा यांतील प्रगतीत लॅपटॉप मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांमध्ये फरक दिसला नाही. सामान्य बौद्धिक कौशल्यांच्या चाचण्यांत काहीसा फायदा दिसला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक नोंद फार बोलकी आहे. प्रत्येक लॅपटॉपमध्ये २०० पुस्तके भरलेली होती. ज्या घरांत पाचाहून जास्त पुस्तके क्वचितच असत, तिथे अचानक दोनशे पुस्तके पोहोचली. तरीही मुलांच्या वाचनाच्या सवयीत बदल झाला नाही. पुस्तक जवळ असणे आणि पुस्तक वाचले जाणे यांच्यामध्ये कोणीतरी माणूस लागतो.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅब आला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. किंमत आकर्षक होती. पण मंद गतीचा प्रोसेसर, दाबून चालणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांमुळे पहिल्या आवृत्तीवर टीका झाली. पुढच्या वर्षी सुधारित ‘आकाश-२’ आला, आणि काही वर्षांत ही योजनाच विस्मरणात गेली.

२०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आठवीच्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा एक हेतू होता. त्याच वर्षी दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासननिर्णयही निघाला होता. आता असे पाहा : राज्यात नववीची पाठ्यपुस्तके २०१७ मध्ये आणि आठवीची २०१८ मध्ये बदलली. म्हणजे २०१५ साली भरलेला मजकूर तीन वर्षांत जुना होणारच होता. छापील पुस्तक जुने झाले तर सरकार नवे छापून पाठवते. ती व्यवस्था अनेक वर्षांची आहे. टॅबमधला मजकूर कोण बदलणार, फुटलेला पडदा कोण दुरुस्त करणार, बॅटरी फुगली तर पैसे कोणत्या शीर्षाखाली पडणार, याची व्यवस्था वाटपाच्या समारंभाइतक्या काळजीने ठरलेली क्वचितच असते.

राहता राहिले ओझे. ते कमी करायला टॅबच लागतो असे नाही. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून देण्यात आली, तेव्हा मुलाच्या दप्तरात एका वेळी एकच भाग राहिला. त्याच वेळी पुस्तकात नोंदींसाठी जोडलेल्या कोऱ्या पानांची योजना शासनाने २०२५ मध्ये मागे घेतली. पण भाग पाडून ओझे कमी करण्याची युक्ती साधी शिलाईची होती.

कोपीवरचा विद्यार्थी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून कोयते निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखाने सुरू होतात आणि हजारो कुटुंबे उसाच्या फडावर जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात; काही आईबापांबरोबर जातात. शाळेचे अर्धे वर्ष या काळात सरते.

या मुलासाठी इलेक्ट्रॉनिक पुस्तक वरदान ठरेल, असे सहज वाटते. शाळा मागे राहिली तरी पुस्तक बरोबर जाईल. पण समजा, केज तालुक्यातली सातवीतली एक मुलगी आईवडिलांबरोबर फडावर गेली आहे. घरात फोन एक. तो दिवसभर वडिलांजवळ, कारण मुकादमाचा आणि गाडीवाल्याचा निरोप त्यावर येणार. कोपीत वीज नाही. फोन भारून आणायचा तो कुठल्या तरी दुकानातून. रात्री फोन हाती येईल तेव्हा बॅटरी थोडी आणि डोळ्यांत झोप. आता तिच्या पिशवीत एक छापील पुस्तक आहे अशी कल्पना करा. ते कोणाला द्यावे लागत नाही, भारावे लागत नाही, आणि धाकट्या भावाला सांभाळता सांभाळता दिवसाउजेडी उघडता येते.

हे केवळ कल्पनेवर सोडू नये. २०२० मध्ये शाळा बंद असताना ‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांत मोठी वाढ. पण त्याच पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक मुलांजवळ आपल्या इयत्तेची पाठ्यपुस्तके होती. सरकारी शाळांत ती मोफत मिळतात. टाळेबंदीतही सर्वांत दूरवर पोहोचलेले साधन कागदाचेच होते. शिवाय फोन घरात असणे आणि तो मुलाच्या अभ्यासाला मिळणे यांत अंतर आहे. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के.

यावरून स्थलांतरित मुलासाठी पडदा निरुपयोगी ठरत नाही. त्याने कागदाची जागा घेऊ नये, एवढेच ठरते. कागदावर नसलेले काहीतरी त्याने आणावे : शिक्षकाच्या आवाजात वाचलेला धडा, चार मिनिटांची प्रयोगाची चित्रफीत, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालणारी.

पडदा कुठे शोभतो?

वरील टीका वाचून कोणी समाधानाने खडू हातात घेईल, तर तेही बरोबर नाही. पडद्याचे स्वतःचे गुण आहेत, आणि ते आपण अजून नीट वापरलेले नाहीत.

लहान मुलांच्या पुस्तकांवरील ३९ अभ्यासांचा, १,८१२ मुलांचा एक आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तक तेच, नुसते पडद्यावर, असे असेल तर कागद सरस ठरला. पण पडद्यावरील पुस्तकातल्या सोयी गोष्टीच्या आशयाशी जोडलेल्या असतील, तर पडदा सरस ठरला. म्हणजे ‘कागद की पडदा’ हा प्रश्नच अर्धवट आहे. दिल्लीत सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार प्रश्न देणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती घडवली. तिथे संगणकाने सर्वांना एकच धडा दाखवला नाही. प्रत्येकाला तो जिथे अडला होता तिथून पुढे नेले. छापील पुस्तकाला हे करता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना याच दृष्टीने पाहावी. इथे कागद राहतो. वाचन, खुणा, नोंदी त्यावर होतात. जिथे कागद थकतो, म्हणजे आवाज, हालचाल, प्रयोग, तिथे कोड पडद्याकडे नेतो. आज ‘दीक्षा’च्या कोडमागे जे सापडते त्याचा दर्जा सगळीकडे सारखा नाही, हे शिक्षक जाणतात. पण रचना बरोबर आहे.

याउलट स्वीडनसारख्या श्रीमंत आणि पडद्यांनी भरलेल्या देशाने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर वेगळे काढले. आपण ज्या वाटेने निघालो आहोत, त्या वाटेवरून काही जण परत येताना भेटत आहेत. त्यांना वाटेची हकिकत विचारायला हरकत नसावी.

खरेदीपूर्वीचे पाच प्रश्न

शाळेपुढे लाखभर रुपयांचा प्रस्ताव आला, तर पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. यातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? शब्द शोधता येतो का? अक्षर मोठे केले की ओळी पडद्यात मावतील अशा आपोआप बसतात का?

२. छापील पुस्तकात नाही असे यात नेमके काय आहे? उत्तर ‘रंगीत आहे’ एवढेच असेल तर पुढे जाऊ नये.

३. इंटरनेट नसताना आणि वीज गेल्यावर किती तास चालते? विक्रेत्याच्या पत्रकातला आकडा धरू नये; वर्गात चालवून पाहावे.

४. पुस्तक बदलले तर मजकूर कोण, किती दिवसांत, कोणत्या खर्चाने बदलणार? दुरुस्ती कुठे होणार? अंबाजोगाईत, बीडला की पुण्याला?

५. मूल यावर खुणा आणि नोंदी करू शकते का, आणि वर्ष संपल्यावर त्या कोणाजवळ राहतात?

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

शेवटी, दुसऱ्यांच्या अभ्यासांवर किती विसंबायचे? हा प्रयोग कोणत्याही शाळेत दोन तासिकांत होतो. मुलांनी घरून फोन आणण्याची गरज नाही. शिक्षकांचे पाच-सहा फोन आलटूनपालटून पुरतात.

न शिकवलेल्या भागातून सारख्या लांबीचे व काठिण्याचे दोन उतारे निवडा, अ आणि ब. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने अ उतारा कागदावर आणि मग ब पडद्यावर वाचावा. दुसऱ्याने अ पडद्यावर आणि ब कागदावर. अशा अदलाबदलीमुळे हुशार मुले एकाच गटात गेली किंवा एक उतारा सोपा निघाला, तरी निष्कर्ष फारसा बिघडत नाही. प्रत्येक उताऱ्यावर नऊ प्रश्न काढा : तीन माहितीचे, तीन क्रमाचे, तीन ‘का?’ असे विचारणारे. प्रश्नपत्रिका देण्यापूर्वी प्रत्येकाला लिहायला सांगा, ‘नऊपैकी माझे किती बरोबर येतील?’ हा अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांतला फरक गुणांइतकाच महत्त्वाचा आहे. आठवड्याने, न सांगता, तेच प्रश्न पुन्हा विचारा.

वेळ मिळाला तर दुसरी फेरी घ्यावी. या वेळी कागद बाजूला ठेवून, नव्या उताऱ्यांच्या पीडीएफची तुलना त्याच मजकुराच्या मोठ्या युनिकोड अक्षरांतल्या प्रतीशी करावी. म्हणजे दोष पडद्याचा किती आणि पडद्यावर ठेवलेल्या छायाचित्राचा किती, हे वेगळे करता येईल.

चाळीस मुलांच्या एका वर्गावरून नियम सिद्ध होणार नाही. पण एका तालुक्यातल्या दहा शाळांनी एकाच पद्धतीने हा प्रयोग केला आणि आकडे एकत्र ठेवले, तर मराठी वाचणाऱ्या, ग्रामीण भागातल्या मुलांविषयी आज हाती नसलेली माहिती हाती येईल. पुढच्या खरेदीच्या सभेत ते आकडे टेबलावर असावेत.